तीन मिनिटं झाली, वाढवू का?

आमच्या आणि अक्कांच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे. छातीएवढी. बांधणाऱ्या गवंड्याला बायकांच्या कोपरांची उंची नक्की माहीत असणार, कारण दोन्ही बाजूंनी कोपर टेकून उभं राहिलं की अर्धा तास पाय दुखत नाहीत. चहाचा कप, निवडायची मेथी, शेवग्याच्या शेंगा, कधी अक्कांची नातसुद्धा, सगळं त्या भिंतीवर मावतं. साताऱ्यात शाहूपुरीत आम्ही राहायला आलो तेव्हा ह्यांनी भिंतीवर काचा लावायचं काढलं होतं. मी म्हटलं, चोरांचं काय व्हायचं ते होवो, आम्ही हात कुठे ठेवायचे?

मी टेलिफोन खात्यातली ट्रंक ऑपरेटर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय मला सरकारनेच लावली आणि त्याचा पगारही दिला. तेव्हा मी गप्पा मारते असं कुणी म्हटलं तर मला वाईट वाटत नाही. हातचं काम सुटत नाही, इतकंच.

तर गल्लीचा चालू विषय म्हणजे अक्कांची सून, अश्विनी. पोलिसात आहे. शिपाई म्हणून लागली, आता हवालदार. मधलं नाईकपद सरकारने २०२२ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे अक्कांना हिशेब सोपा गेला. "येक पायरी वाचली बगा," म्हणाल्या, "गुडघं दुकणाऱ्या मानसाला बरं."

आमच्या गल्लीत भिंतीवरची घड्याळं भरपूर आहेत, पण वेळ बघतात ती अश्विनीच्या स्कूटीवरून. सकाळी पावणेसातला स्कूटी सुरू झाली की हजेरी आहे. पहाटे चारला झाली की बंदोबस्त. हिल मॅरेथॉन असेल, गणपती असतील, कुणी मंत्री यायचे असतील. आणि रात्री? रात्रीची नोंद समोरच्या देशपांडेकाकूंकडे असते. मागे एकदा त्या सकाळी सकाळी रस्ता ओलांडून आल्या आणि मला म्हणाल्या, "काल पावणेबारा. आणि हातात फुलांचा गुच्छ."

गुच्छ म्हटल्यावर मीही कोपर टेकलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस त्या गुच्छावर गल्लीने काय काय उभं केलं ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी अक्कांनी भिंतीवरून कंदी पेढे दिले. अश्विनीच्या ठाण्यातले एक सहायक फौजदार निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाला गेली होती, गुच्छ उरला तो घेऊन आली. देशपांडेकाकूंनी पेढा खाल्ला, चांगलाय म्हणाल्या, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

त्याच दिवशी काकू अक्कांना म्हणाल्या, "कशी हो तुमची सून सगळं सांभाळते! नोकरी, घर, दोन पोरं."

अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती कुटं सांबाळती? ती नोकरी सांबाळती. घर म्या सांबाळती."

ह्यात तक्रार नव्हती बरं का. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाल्या. पण मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

अक्का सहासष्ट वर्षांच्या आहेत. कोरेगाव तालुक्यातलं माहेर, तिथलंच सासर, मुलगा इथे एमआयडीसीत लागला म्हणून साताऱ्यात आलेल्या. चारला उठतात. ओमचा डबा, सचिनचा डबा, अश्विनीचा डबा; तिन्हींत वेगळी भाजी, कारण एकाला वांगं चालत नाही, दुसऱ्याला कारलं, आणि तिसरीला काहीही चालतं पण दुपारी चारला खायचं असल्याने रस्सा नको. ओम सहावीत. त्याची व्हॅन सव्वासातला. धाकटी परी तीन वर्षांची, तिला अजून शाळा नाही, म्हणजे तिची शाळा अक्काच. सचिनच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. फर्स्ट शिफ्ट असली की तो दुपारी घरी असतो. तेव्हा काय करतो असं विचारू नका, झोपतो. एकदा तो गच्चीत कपडे वाळत घालताना दिसला तर गल्ली आठ दिवस त्याचं कौतुक करत होती. मीसुद्धा केलं. अक्का आयुष्यभर कपडे वाळत घालताहेत, त्यांना कुणी काय म्हटलं?

परवा पेपरात बातमी वाचली आणि थेट भिंतीशी गेले. सरकारने २०२४ मध्ये पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातल्या बिनपगारी कामांना बायका दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. म्हणजे जे ही कामं करतात त्यांच्यापुरता हा हिशेब. जे बोटही लावत नाहीत ते ह्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत.

"दोनशे एकोननव्वद?" अक्का म्हणाल्या. "म्हंजी किती तास?"

"पाच तासांना अकरा मिनिटं कमी."

"मग ती बाई लवकर आवरती." आणि थोड्या वेळाने, "मोजत्यात कसं?"

मी वाचलेलं सांगितलं, की पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचं विचारतात. काय करत होता? मग काय केलं?

"चारपासनं?" अक्का खूश झाल्या. "बरोबर धरलंय की. त्यास्नी ठावं हाय." मग विचारलं, "सून कामाला गेल्यावर सासू राबती ते कुनाच्या नावावर मांडत्यात?"

तुमच्याच, असं मी म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

आता अश्विनीची बाजूही सांगते, नाहीतर मी पण देशपांडेकाकूच. घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने करवलं. रात्री कितीही वाजता आली तरी वर्दी उतरवली की अक्कांच्या गुडघ्यांना तेल लावून देते. हे मला अक्कांनी सांगितलं नाही, त्यांच्या न्हाणीघराशेजारची खिडकी माझ्या स्वयंपाकघराकडे उघडते. २०२२ च्या जानेवारीत महासंचालकांनी महिला पोलिसांना बाराऐवजी आठ तासांची ड्यूटी द्यायचा आदेश काढला, तेव्हा अश्विनीने भिंतीवरून मला मोबाइलवर दाखवला होता. मी म्हटलं, आता संध्याकाळी भेटशील. ती हसली. "काकू, सण आणि आणीबाणी सोडून आहे ते. आणि आपल्याकडे सण नाही असा महिना सांगा."

खरंच सांगता येईना. मी आषाढापासून सुरुवात केली आणि होळीपर्यंत येऊन थांबले.

परी तर तिला आई म्हणून हाकच मारत नाही. आईच्या फोनवर सारखं ऐकते ना, त्यामुळे स्कूटीचा आवाज आला की दारात उभी राहून ओरडते, "जय हिंद, मॅडम!" सगळी गल्ली हसते. अश्विनीही हसते, हेल्मेट काढायच्या आधी. हेल्मेट काढल्यावर हसत असते की नाही ते मला इतक्या लांबून दिसत नाही.

वटपौर्णिमेचं तर ऐकाच. दरवर्षी आमच्या इथल्या वडाला बायकांची गर्दी होते, आणि बायका नटून येतात म्हणून सोनसाखळीवालेही येतात. म्हणून तिथे महिला पोलीस नेमतात. यंदा अश्विनीच होती. हातात काठी, गळ्यात शिटी, "ताई, पदर नीट घ्या, मंगळसूत्र झाका" असं प्रत्येकीला सांगत वडाभोवती फिरत होती. आम्ही सात फेरे मारले, तिने सत्तर मारले असतील. आणि सुनेचा दोरा कोण गुंडाळतंय तर अक्का. आपला झाला, मग सुनेच्या नावाने दुसरा.

देशपांडेकाकू म्हणाल्या, "अहो, असं चालतं का? ज्याचं त्यानं करायचं असतं."

अक्का म्हणाल्या, "नवरा तिचा आसंल, पर ल्योक माझाच हाय न्हवं? कुनीबी बांदला तरी त्येच्याच हिश्श्याला."

काकूंना शास्त्रातलं उत्तर सापडेना. अश्विनीने तेवढ्यात शिटी वाजवली, कुणा दुसऱ्यासाठीच, पण काकू दचकून रांगेत उभ्या राहिल्या.

माझ्या वेळचं सांगू का थोडं? आम्हाला बाळंतपणाची रजा ९० दिवस. पुढे केंद्र सरकारने ती १३५ केली आणि २००८ पासून १८०, शिवाय मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची वेगळी रजा. मला त्यातलं काही मिळालं नाही, माझी मुलं तोवर चष्मे लावून नोकऱ्या शोधत होती. १९७९ साली माझा थोरला तीन महिन्यांचा होता आणि मी बोर्डावर. कानाला हेडसेट, समोर दोऱ्यांचं जाळं, ऑर्डिनरी कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल, त्यातून पी. पी. म्हणजे ठरावीक माणूस आला तरच जोडायचा. दर तीन मिनिटांनी मध्ये शिरून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" मुंबईहून कुणी मुलगा आईशी बोलत असला की आई आधी म्हणायची, "नको, पैसे पडतील," आणि मुलगा म्हणायचा, "वाढवा." असं ऐकताना माझं ब्लाउज ओलं व्हायचं. मधली सुट्टी झाली की खाली यायचे, सासूबाई जिन्यात बाळ घेऊन उभ्या असत. शालीखाली पाजायचं, घड्याळ बघायचं, परत वर.

तेव्हाची गल्ली काय म्हणत होती? "नाइटला जाते बाई." बस, तेवढंच. पुढचं म्हणायची गरज नसे.

हे सगळं मी कितीतरी वेळा सांगितलंय, भाषण म्हणून सुद्धा सांगितलंय एकदा, आठ मार्चला. त्यात सासूबाई जिन्यातच उभ्या राहायच्या. पुढे काय, ते मी कधी सांगितलंच नाही, कारण मला सुचलंच नाही. दिवाळीत बोर्ड नुसता पेटलेला असायचा, सगळ्या महाराष्ट्राला एकाच दिवशी एकमेकांची आठवण यायची, आमच्या रजा बंद. सासूबाईंचा एकुलता एक भाऊ वाईला. साताऱ्याहून वाई ती काय लांब? सहा वर्षं त्या भाऊबीजेला गेल्या नाहीत. भाऊच येऊन जायचा, दुपारचा, घाईत. मी ड्यूटीवरून येईपर्यंत त्याचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं. त्या कधी बोलल्या नाहीत. आणि मी विचारलं नाही.

हे आठवायला कारण अक्काच. मे महिन्यात एकदा भिंतीशी उभ्या होत्या, हातात काही काम नव्हतं. अक्का आणि रिकामे हात! मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "न्हाई वो, काय न्हाई. माज्या भैनीची दिंडी निगनार हाय. लोनंदापातूर मान्सं जाऊन मिळत्यात, तितनं फुडं पंढरपूर. धा-बारा दिस. बारा वरसं झाली, औंदा बोलवत्यात, औंदा बोलवत्यात."

"मग जा की."

"कवा? वारी आली की ही वारीत."

ती वारीत म्हणजे अश्विनी बंदोबस्तात. माउलींची पालखी नीरा नदीत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात येते. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. जिल्ह्यातून जाईपर्यंत पोलिसांना घर नसतं. अश्विनी चार-पाच दिवस तिकडेच, कुठल्या तरी शाळेच्या वर्गात झोपते. म्हणजे सून विठोबाच्या वाटेवर लाखो माणसांना वाट करून देते आणि त्या लाखात सासूला जाता येत नाही, कारण परीला दूधभात कोण भरवणार! ओम पोटात होता तेव्हापासून अक्कांची वारी थांबलेली आहे, आणि हे घरात कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. मी अश्विनीला नंतर हळूच विचारलं तर ती पांढरी पडली. "मला कधी बोलल्या नाहीत, काकू. दरवर्षी म्हणतात, माझ्यासाठी तिकडूनच पाया पड."

ती भाषणं होतात ना, 'करिअर आणि घर यांचा समतोल' म्हणून, त्यात एक बाई तारेवर चाललेली दाखवतात. तार ज्या खांबांना बांधलेली असते त्यांच्याकडे कुणी बघत नाही. असो. हे वाक्य मी आठ मार्चला म्हटलं नव्हतं, आता कोण बोलावतंय.

मग भिंतीवर बैठक भरली. सचिनलाही बोलावलं. अश्विनीची बालसंगोपन रजा आहे, राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली तीच, पण ती वारीत मागायची कशी? मागितली तरी मिळायची कशी? आणि ती दिवस साठवतेय ओमच्या दहावीसाठी. बारा दिवस कुणालाच जुळेनात. सचिनला दोन सुट्ट्या मिळत होत्या, त्यातली एक त्याने आधीच मित्राच्या लग्नाला दिलेली. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो, इट्टल काय पळून चाललाय?" शेवटी एका दिवसावर सौदा ठरला. लोणंद ते तरडगाव, वारीतला छोटासा टप्पा. वाटेत चांदोबाचा लिंब, तिथे पहिलं उभं रिंगण. आदल्या संध्याकाळी एसटीने लोणंद, दुसऱ्या रात्री परत. सचिन सकाळपर्यंत, मी दिवसभर.

अक्का गेल्या. बायकांचं अर्धं तिकीट, त्यामुळे "अर्द्या पैशात अर्दी वारी" असं स्वतःच म्हणाल्या. नऊवारी, पिशवीत दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तुळस मात्र माझ्या कुंडीतली.

इकडे माझं काय झालं ते विचारू नका. मी एकाहत्तर वर्षांची, एके काळी एका वेळी सहा कॉल सांभाळलेली बाई. सकाळी नऊपर्यंत परीने दोन फ्रॉक भिजवले, एक पेला फोडला आणि माझ्या जपमाळेचे मणी मोजून घेतले, मोजताना दोन कमी भरले. ओमला व्हॅन चुकली कारण मी डबा भरता भरता फोन घेतला. दुपारी परी झोपेना. मी झोपले. जाग आली तर परी माझ्याच उशाशी बसून खिडकीतून देशपांडेकाकूंना सांगत होती, "काकू झोपल्यात, पाऊण वाजल्यापासून." काकूंनी नोंद घेतली असणार.

चारच्या सुमाराला मी भिंतीशी जाऊन उभी राहिले, सवयीने. पलीकडे कुणी नव्हतं. नुसत्या कोपरांच्या दोन गुळगुळीत जागा.

अक्का रात्री साडेदहाला आल्या. पायांत चप्पल नव्हती, हातात होती. मी म्हटलं होतं उद्या ऐकू, पण त्या घरात शिरायच्या आधी भिंतीशीच आल्या. बुक्का कपाळभर.

"घोडा बगितला," म्हणाल्या. "माउलीचा. दोन्ही अंगाला दिंड्या हुब्या, मदनं वाट, आन् त्या वाटंनं त्यो पळाला. टापंखालची माती घ्याला समदं पडलं. म्या बी पडली. ह्ये बगा." पदराच्या टोकाला गाठ होती. त्यातली चिमूटभर माती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"अश्विनी भेटली का?"

अक्का हसायला लागल्या. इतक्या हसल्या की भिंत धरली.

"आवो, दोर घिऊन उबी हुती की. घोडं यायच्या आदी समद्यास्नी मागं सारत हुती. म्या म्होरंच. माज्या खांद्याला हात लावून म्हनली, 'ओ मावशी, दोरीच्या मागं व्हा. मागं म्हणतेय ना!' तोंडाकडं बगितलंबी न्हाई."

"मग? हाक नाही मारली?"

"न्हाई वो. कामात हुती ती." अक्कांनी पदराची गाठ परत बांधली. "सरली मागं. आवाज काय लावला हुता, बाई! घरात असला कंदी लावत न्हाई."